भूल आणि शुद्ध : अ‍ॅन सेक्स्टनच्या दोन कविता

मराठीत ‘भूल’ या शब्दाला अनेक पदर आहेत. रानात वाट चुकली की भूल पडली म्हणतात, एखाद्याच्या गोड बोलण्याची भूल पडते, आणि शस्त्रक्रियेच्या टेबलावर डॉक्टर भूल देतात. भूल उतरली की दाराबाहेर ताटकळत बसलेल्या मंडळींना परिचारिका सांगते, ‘शुद्धीवर आल्या आहेत.’ मनाने आजारी असलेल्या माणसाविषयी बोलतानाही आपल्या तोंडी याच कुळातले शब्द येतात. तो भ्रमिष्ट झाला, त्याला कशाची शुद्ध नाही. शल्यगृह आणि मनोरुग्णालय या दोन जागा भाषेने अशा एका उंबरठ्याने जोडून ठेवल्या आहेत. व्यवहारात मात्र आपण त्या कटाक्षाने वेगळ्या राखतो. पोटाच्या ऑपरेशनला शहाळी घेऊन भेटायला जातो. मनाच्या आजाराला ‘ती माहेरी गेली आहे’ एवढेच सांगतो.

एकाच बाईच्या वाट्याला ही दोन्ही दुखणी आली तर तिचा अनुभव काय असेल? भूल म्हणजे शुद्ध काही काळ दुसऱ्याच्या हाती सोपवणे. ज्याची शुद्ध एरवी कधी हललेली नाही, त्याला हे सोपवणे एक वेळ सोपे जाईल. पण जिची शुद्ध यापूर्वी न सांगता निघून गेली आहे, आणि जिने ती मोठ्या कष्टाने परत आणली आहे, तिने ती पुन्हा कोणाच्या हाती कशी द्यावी? या प्रश्नाशी भिडणारी कविता विसाव्या शतकात अमेरिकेतील कवयित्री अ‍ॅन सेक्स्टन यांनी लिहिली. त्यांची ‘द ऑपरेशन’ ही कविता 1962 च्या ‘ऑल माय प्रिटी वन्स’ या संग्रहात आहे, आणि ‘इन सेलिब्रेशन ऑफ माय यूटरस’ ही 1969 च्या ‘लव्ह पोएम्स’ मध्ये. दुसरी अधिक गाजली. पहिली अधिक मोलाची आहे, असे मला वाटते, आणि तसे का वाटते ते येथे सांगायचे आहे.

सेक्स्टनबाईंचा जन्म 1928 चा, मॅसॅच्युसेट्स राज्यातला. शिक्षण बेताचे, लग्न लवकर, दोन मुली. मुलींच्या जन्मानंतर मन ढासळले, रुग्णालयात ठेवावे लागले. 1956 मध्ये त्यांनी जीव देण्याचा प्रयत्न केला. त्यांच्यावर उपचार करणारे डॉ. मार्टिन ऑर्न यांनी लिहिण्यास प्रोत्साहन दिले आणि एका गृहिणीची कवयित्री झाली. 1960 साली आलेल्या पहिल्याच संग्रहाच्या नावात ‘बेडलॅम’ म्हणजे वेड्यांचे इस्पितळ आहे. 1967 चे पुलित्झर पारितोषिक त्यांना मिळाले. 4 ऑक्टोबर 1974 रोजी त्यांनी आत्महत्या केली. त्यांच्या आजाराला त्या काळच्या डॉक्टरांनी वेगवेगळी नावे दिली. पुढे के रेडफिल्ड जेमिसन यांनी ‘टच्ड विथ फायर’ (1993) या ग्रंथात उन्माद आणि अवसाद यांच्या फेऱ्यांत सापडलेल्या कलावंतांत त्यांची गणना केली. आज ज्याला आपण बायपोलर किंवा द्विध्रुवीय विकार म्हणतो तोच हा. मृत व्यक्तीच्या आजाराचे निदान करणे हे समीक्षेचे काम नव्हे. कवितेत जे आले आहे तेवढे वाचणे हे तिचे काम, आणि तेवढे पुरेसे आहे.

1959 हे वर्ष त्यांच्या आयुष्यात काळे उगवले. मार्चमध्ये आई कर्करोगाने गेली, जूनमध्ये वडील गेले. त्याच वर्षी सेक्स्टनबाईंच्या पोटावर शस्त्रक्रिया होऊन त्यांचे एक अंडाशय काढण्यात आले. ‘द ऑपरेशन’ या तीन भागांच्या कवितेमागे ही घटना आहे.

पहिला भाग तपासणीच्या खोलीत सुरू होतो. स्त्रीरोगतज्ज्ञांच्या त्या टेबलाचा, पाय अडकवण्याच्या त्या रिकिबींचा, हातमोज्याच्या स्पर्शाचा उल्लेख इतका सरळ आहे, की 1962 साली तो अनेक वाचकांना झोंबला असल्यास नवल नाही. पण कवितेचा रोख त्या अवघडलेपणावर नाही. डॉक्टर हिच्या दुखण्याची आईच्या दुखण्याशी तुलना करतात, आणि तेथे कवितेचा खरा विषय उघडतो. ज्या देहात आपण कधी काळी गर्भ म्हणून वाढलो त्याच देहात पुढे रोगाची गाठ वाढली, आणि आता तेच वाण आपल्या घरात शिरले की काय, ही ती भीती. आईच्या खोलीबाहेर परिचारिकांशी कुजबुजणे, आत जाऊन हसऱ्या चेहऱ्याने खोटे बोलणे, हे आपल्यापैकी कोणी केलेले नाही? कर्करोगाच्या रोग्याशी त्याचे घर जी भाषा बोलते ती न्यूटनमध्ये काय आणि निपाणीत काय, एकच असते.

दुसरा भाग शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्रीचा आणि त्या सकाळचा. अंगावरचे केस काढलेले, पोट रिकामे, रात्रभर शेजारच्या खोल्यांतून हाका, तोंडावर परिचारिकेच्या विजेरीचा झोत. हा तपशील ज्यांनी ज्यांनी रुग्णालयात रात्र काढली आहे त्यांना ओळखीचा वाटेल. मात्र या भागात एक बारीकशी जागा आहे. तिच्याकडे सहज दुर्लक्ष होते, आणि माझ्या मते साऱ्या कवितेची किल्ली तीच आहे. गुंगीची इंजेक्शने दिल्यानंतर परिचारिका पुन्हा येते, हसते, आणि या बाईवर औषध चढत नाही अशी जणू नोंद करते. एवढेच. का चढत नाही, हे कविता सांगत नाही. परिचारिका विचारत नाही, रोगीही बोलत नाही.

ज्या वाचकाला सेक्स्टनबाईंच्या इतर कविता ठाऊक आहेत त्याला कारण सुचते. झोपेच्या गोळ्यांच्या सवयीवर त्यांनी पुढे ‘द अ‍ॅडिक्ट’ ही स्वतंत्र कविताच लिहिली. म्हणजे शल्यविभागातल्या या खाटेवर मनोरुग्णालयाचा सारा इतिहास एका हसण्याच्या आड उभा आहे. पोटाचा कागद वेगळा, डोक्याचा कागद वेगळा. दोन्ही एकाच देहाचे आहेत हे फक्त औषधाला कळले, आणि ते चढेनासे झाले. वेडाविषयी इतके उघड बोलणाऱ्या कवयित्रीने येथे त्याचे नावही घेतलेले नाही. हे लपवणे आहे असे मी म्हणणार नाही. रुग्णालयात हे असेच घडते, आणि कवितेने ते घडले तसे ठेवले आहे.

पुढे स्ट्रेचर निघते. या क्षणापर्यंत आपण आपल्या देहाच्या मालक आहोत, नागरिक आहोत, असे ती स्वतःला बजावते. ‘नागरिक’ हा शब्द त्या जागी अनपेक्षित आहे. तो ज्या बाईच्या तोंडी आला आहे तिला मनोरुग्णालयात ठेवले गेले होते, हे आठवले म्हणजे त्याचे वजन कळते. मनोरुग्णाच्या ‘हो’ला आणि ‘नाही’ला किती किंमत, हा प्रश्न साऱ्या जगाचा आहे. आपल्या देशात 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने प्रौढ व्यक्तीला आपल्या मनाच्या आजारावर कोणते उपचार व्हावेत आणि कोणते होऊ नयेत हे आधीच लिहून ठेवण्याचा, तसेच आपला प्रतिनिधी नेमण्याचा हक्क दिला. कायद्याला जे मान्य करायला इतकी वर्षे लागली ते या बाईने स्ट्रेचरवर पडल्या पडल्या एका शब्दात मागितले होते.

टेबलावर तिला गुडघ्यांत डोके घालून मुटकुळे करायला सांगतात. पाठीच्या कण्यात भूल घेतलेल्या बायकांना हे आसन ठाऊक आहे. सिझेरियन झालेल्या कितीतरी जणींनी असेच अंग आवळून घेतलेले असते. गर्भाचे आसनही तेच. कवयित्री हे साम्य बोलून दाखवत नाही, आणि ते बरेच आहे. मग भूल लागते, आणि कवितेतला सर्वांत विलक्षण भाग येतो. ती आपल्या देहावर तरंगू लागते. वेणा देणाऱ्या बायकांवरून, जन्मणाऱ्या बाळांच्या डोक्यांवरून उंच जाते. तेथून मागच्या जिन्याने कोसळत आईच्या मृत्यूच्या दाराशी येते. आणि हाक मारून, टाके घातलेल्या आपल्याच कातडीत परत घुसते.

चढणे, कोसळणे, परतणे. ज्याला उन्माद आणि अवसाद हे दोन्ही टोकांचे प्रदेश माहीत आहेत, त्याला ही वाट नवी नाही. भुलीखाली इतरांना जेथे नुसता काळोख दिसेल, तेथे या कवितेतल्या बाईला ओळखीच्या खुणा दिसतात. म्हणून तिची भीती वेगळी आहे. मरणाची भीती सर्वांनाच असते. हिला त्याखेरीज आणखी एक आहे, परत येणारी मी कोण असेन ही. तिसऱ्या भागाच्या आरंभी शुद्ध येताना ती आईला हाक मारते, आणि त्याच श्वासात ‘मॅकबेथ’मधल्या चेटकिणींच्या कढईतले जिन्नस बरळते, देवालाही हाक मारते. भुलीतून उतरताना माणसे काहीबाही बोलतात हे खरे. परंतु जिच्या बरळण्याचा अर्थ लावला गेला आहे, जिच्या शब्दांवरून तिला आत ठेवायचे की घरी सोडायचे हे ठरले आहे, तिला हे बरळणे परवडण्याजोगे नसते.

आणि ही सगळी वादळी सामग्री बाईंनी यमकबद्ध कडव्यांत बसवली आहे, हे विशेष. कबुलीची कविता म्हणजे मनातले भडाभडा ओकणे, असा समज आपल्याकडेही आहे. ‘द ऑपरेशन’ वाचताना तो टिकत नाही. येथले यमक टाक्यांसारखे आहे. जखम दाखवते, आणि धरूनही ठेवते. शेवट तर जवळजवळ थट्टेचा. गुलाबी सपाता घालून वऱ्हांड्यात फिरणारी, एका लेखकाला पत्र टाकणारी, पोट चेंडूसारखे शिवून घेतलेली ही बाई स्वतःला नावाने हाक मारून घरी पिटाळते. बरी झाल्याची घोषणा इतर करतात. ती स्वतः करत नाही. बालगीतातला हम्टी-डम्टी तेथे येतो, आणि तो फुटल्यावर पुन्हा सांधला जात नाही हे इंग्रजी शाळेत गेलेल्या आपल्या पोरांनाही पाठ असते.

सिल्व्हिया प्लाथ यांच्या ‘ट्यूलिप्स’ची येथे आठवण होणे साहजिक आहे. दोघी 1959 मध्ये बोस्टन विद्यापीठात रॉबर्ट लोवेल यांच्या वर्गात बसत, आणि लोवेल स्वतः याच विकाराचे रुग्ण होते. प्लाथ यांची कविता मार्च 1961 ची, अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेनंतर लिहिलेली. तीत रोगी आपले नाव-गाव, इतिहास, देह एकेकाच्या स्वाधीन करते आणि त्या रितेपणात तिला सुख वाटते. भेट आलेली लाल फुले तिला नकोशी होतात, कारण ती जगण्याकडे ओढतात. प्लाथ यांची कविता अधिक रेखीव आहे, हे मान्य केलेच पाहिजे. पण रितेपणाचे ते सुख वाचकाला मोहात पाडते. त्याचीही एक भूल पडते. सेक्स्टनबाईंच्या कवितेत तो मोह नाही. तेथे जगणे महाग आहे, तरी घेण्याजोगे आहे, असा घरगुती हिशेब आहे. ऑपरेशनला निघालेल्या बाईच्या उशाशी या दोहोंतली एकच ठेवायची झाली तर मी सेक्स्टनबाईंची ठेवीन.

आता दुसरी कविता. गर्भाशय काढून टाकण्याची गोष्ट निघाली होती, पण ते आता काढणार नाहीत, अशा सुटकेच्या आनंदात ‘इन सेलिब्रेशन ऑफ माय यूटरस’ सुरू होते. मुक्तछंदातली, मोठ्या आवाजाची, व्हिटमनची आठवण करून देणारी ही कविता आहे. देशोदेशींच्या बायका एकेका ओळीने येतात आणि एका सुरात मिळतात. कवयित्री गर्भाशयाला थेट ‘तू’ म्हणून संबोधते. आपल्याकडे गर्भाशय हा शब्द पाठ्यपुस्तकातला, बोलण्यात ‘पिशवी’. पिशवीला सूज आली, पिशवी काढली. पिशवी ही रिकामी करण्याची आणि काम झाले की टाकून देण्याची वस्तू. त्या पार्श्वभूमीवर असे ‘तू’ ऐकणे अंगावर रोमांच आणते, यात शंका नाही.

तरीही या कवितेला एक मर्यादा आहे, आणि स्त्रीवादी समीक्षेने तिचा गौरव करताना ती पुरेशी ध्यानात घेतली नाही. हा उत्सव वाचलेल्या गर्भाशयाचा आहे. जिचे वाचले नाही तिने काय गावे? दर हंगामात मराठवाड्यातून आपल्या बेळगाव भागातल्या कारखान्यांवर ऊसतोडणीच्या टोळ्या येतात. बीड जिल्ह्यातल्या अशा कामगार बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न 2019 मध्ये इतका पुढे आला की महाराष्ट्र शासनाला चौकशी समिती नेमावी लागली. त्या बायकांना ‘तू’ म्हणायला पिशवीच उरलेली नाही. शिवाय या कवितेत आजार आहे तो डॉक्टरांचा गैरसमज म्हणून. मनाच्या आजाराची सावली हर्षाच्या लाटेखाली बुडून जाते. ‘द ऑपरेशन’मध्ये अवयव खरोखरच जातो, आणि तरी बाई उरते. म्हणून ती कविता अधिक जणींच्या उपयोगाची आहे. कवितेच्या बाबतीत ‘उपयोग’ हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो.

या कवितांवर त्या काळी टीका झाली. जेम्स डिकी यांनी 1963 मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’मधील परीक्षणात, शरीराच्या किळसवाण्या बाजूंवर ही कवयित्री रेंगाळते, असा ठपका ठेवला. सेक्स्टनबाई त्या परीक्षणाचे कात्रण बटव्यात घालून हिंडत, असे सांगतात. युद्धातल्या जखमांचे वर्णन वीररसात मोडते आणि शल्यगृहातल्या जखमेचे बीभत्सात, ही वाटणी कोणी केली, असे डिकी यांना विचारायला हवे होते. उलट बाजूची चूकही तितकीच घातक आहे. वेड हीच प्रतिभेची जननी, औषधाने कविता मरते, ही ती समजूत. पुढे दिल्या गेलेल्या थोरॅझीनने आपले लिहिणे आटते, अशी तक्रार खुद्द सेक्स्टनबाईंनी केली होती. पण लिथियमचा गुण ऑस्ट्रेलियात जॉन केड यांनी 1949 साली दाखवला असताना अमेरिकेत त्याला रीतसर मान्यता मिळायला 1970 उजाडले, हेही त्याच इतिहासात आहे. आजाराने त्यांची कविता जेवढी घडवली असेल त्याहून अधिक कविता त्याने लिहायची राहू दिली. त्यांची थोरली मुलगी लिंडा ग्रे सेक्स्टन यांनी ‘हाफ इन लव्ह’ (2011) या पुस्तकात आपल्याही बायपोलर विकाराची आणि आत्महत्येच्या प्रयत्नांची हकीकत लिहिली आहे. आईकडून लेकीला काय येते, ही ‘द ऑपरेशन’मधली भीती एक पिढी पुढे गेली. मात्र लिंडाबाई उपचार घेऊन सावरल्या, आणि लिहायला उरल्या.

आपल्या जवळचे एक पुस्तक या संदर्भात वाचण्याजोगे आहे. मूळ गोव्याच्या जेरी पिंटो यांची 2012 ची कादंबरी ‘एम अँड द बिग हूम’. शांता गोखले यांनी ती ‘एम आणि हूमराव’ या नावाने मराठीत आणली. माहीमच्या लहानशा घरातली ही आई मुलाच्या जन्मानंतर याच विकारात सापडते. सेक्स्टनबाईंच्या कवितेत खाटेवरची बाई बोलते, येथे खाटेभोवतालचे घर बोलते. त्यातली आजी देशोदेशी फिरून इतक्या भाषांतून गेली आहे, की वाक्यातला नेमका महत्त्वाचा शब्द तिच्या तोंडून गळतो. सीमाभागातल्या वाचकाला ही आजी परकी वाटणार नाही. घरात मराठी, बाजारात कन्नड किंवा कोकणी, रुग्णालयाच्या फॉर्मवर इंग्रजी. या उतारचढावात सर्वांत आधी गळतो तो मनाच्या आजाराचा शब्द. ‘आणखी काही औषध चालू आहे का?’ असे भूलतज्ज्ञ विचारतात. सून गप्प, नवरा ‘बीपीची एक गोळी’ म्हणून मोकळा, आणि ‘डोक्याची गोळी’ पाकिटातच राहते.

ही गळती साहित्यापुरती नाही, म्हणून चार शब्द रोखठोक लिहितो. लिथियमचे रक्तातले प्रमाण शरीरातल्या पाण्याशी आणि मिठाशी बांधलेले असते. उपास, उलट्या यांनी पाणी घटले किंवा आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामके दिली, तर ते धोक्याच्या पातळीला जाऊ शकते. शस्त्रक्रियेत स्नायू सैल करण्यासाठी देतात त्या औषधांचा अंमल लिथियममुळे लांबू शकतो. मनाची औषधे आपल्या मनाने एकाएकी बंद केली तर आजार उलटतो, आणि रुग्णालयातल्या जागरणांनी उन्माद उसळू शकतो. दोन्ही अंडाशये काढली तर एरवी काही वर्षांत येणारी ऋतुनिवृत्ती एका दिवसात येते, तिचा मनावर परिणाम होऊ शकतो. यांतल्या प्रत्येक गोष्टीला डॉक्टरांकडे तोड आहे. कोणते औषध कधी थांबवायचे, कधी सुरू करायचे, हे मनोविकारतज्ज्ञ आणि भूलतज्ज्ञ मिळून ठरवू शकतात. अट एकच, की त्यांना ते सांगितलेले असले पाहिजे.

ज्या बोस्टनमध्ये 16 ऑक्टोबर 1846 रोजी ईथरची भूल देऊन जगापुढे शस्त्रक्रिया झाली, त्याच शहराच्या परिसरात शतकानंतर एका बाईने भुलीच्या आत काय असते ते लिहून ठेवले. वैद्यकाने वेदना थांबवली, त्याचे ऋण मोठे आहे. पण त्या नोंदवहीत परिचारिकेने हसून लिहिलेल्या एका शेऱ्याचा अर्थ कवितेने लावला. तो शेरा आजही अनेक केसपेपरांवर पडतो, किंवा कोणी बोलत नाही म्हणून पडतच नाही. ‘द ऑपरेशन’चे चांगले मराठी भाषांतर व्हायला हवे. ते करणाऱ्याने ‘भूल’ आणि ‘शुद्ध’ हे दोन शब्द जपून वापरावेत; त्या कवितेतल्या बाईला दोन्ही शब्दांची पुरती ओळख आहे.